रीफ टँक: लाईट किती आणि डोस किती, घरच्या घरी कसं काढायचं

अमेरिकेत एडिसनला आमच्या हॉलमध्ये ४० गॅलनचा रीफ टँक, म्हणजे जिवंत कोरल (प्रवाळ) ठेवलेला खाऱ्या पाण्याचा टँक आहे, चौथं वर्ष चालू आहे. पहिल्या वर्षात माझे दोन हॅमर, एक टॉर्च आणि जवळजवळ सगळे झोआ गेले आणि त्यातलं एकही कोरल रोगाने गेलं नाही, सगळी माझ्याच हाताने गेली. दुकानात एकाने सांगितलं म्हणून बाटलीतलं झाकणभर रोज ओतत होतो, टेस्ट महिन्यातून एकदा, आणि नवीन लाईट आला त्याच दिवशी तो सरळ ८० टक्क्यांवर लावला. पाच दिवसांत हॅमर पांढराफटक. जिवंत प्राणी आहेत हो ते, शोभेचे दगड नाहीत, मला आजही त्याचं वाईट वाटतं. तेव्हा कोणी आकडे मांडून, सावकाश, मराठीत समजावलं असतं तर ती वाचली असती, म्हणून हे लिहितोय.

एक गोष्ट आधी डोक्यात बसवून घ्या, बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. लाईट आणि डोसिंग हे दोन वेगळे विषय नाहीत. कोरलच्या अंगात झूझॅन्थेली नावाचं सूक्ष्म शैवाल राहतं, ते उजेडावर अन्न करतं, त्या अन्नाच्या जोरावर कोरल आपला सांगाडा बांधतं आणि सांगाडा बांधायला पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट ओढून घेतं. म्हणजे लाईट वाढवला की खप वाढतो आणि खप वाढला की डोस वाढवावा लागतो. म्हणून क्रम असा की आधी लाईट एका जागी आणून थांबवायचा, मग खप मोजायचा आणि त्यानंतरच बाटलीला हात लावायचा. मी नेमका उलटा गेलो होतो.

महाराष्ट्रात किंवा गोव्यात बसून वाचत असाल तर पुढे जायच्या आधी हे वाचा. भारतात सगळी दगडी कोरलं, ब्लॅक कोरल, फायर कोरल, ऑर्गन पाइप कोरल आणि सी फॅन २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. मालवणला पाण्यात उतरून जे बघता ते तिथेच राहू द्यायचं, किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडासुद्धा खिशात घालायचा नाही. कोणी स्वस्तात 'लोकल लाईव्ह रॉक' (समुद्रातून काढलेला, जीव असलेला दगड) किंवा कोरल विकत असेल तर घेऊ नका. बाहेरच्या देशातून आलेलं दगडी कोरल असेल तर सायटीसची (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) कागदपत्रं लागतात, ती मागा आणि शंका असेल तर वनखात्याला विचारा. मी लिहितोय ते अमेरिकेतल्या माझ्या टँकबद्दल, इथे टँकमध्येच वाढवलेले फ्रॅग म्हणजे कोरलचे छोटे तुकडे मिळतात आणि शक्यतो तेच घ्यावेत.

१. आधी हे सामान गोळा करा

- खारटपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर, आणि त्यासोबत ३५ पीपीटीचं (हजारात ३५ भाग मीठ) कॅलिब्रेशन लिक्विड. नुसत्या आरओ पाण्यावर शून्य लावून घेतलं तर ३५ ला आकडा चुकू शकतो.
- अल्कॅलिनिटीचं, म्हणजे पाण्यातलं कार्बोनेट-बायकार्बोनेट मोजायचं किट. सगळेजण अल्क म्हणतात, मीही तेच म्हणणार. सॅलिफर्टचं थेंबांचं किट किंवा हॅनाचा डिजिटल चेकर, दोन्ही चालतात. पैसे कमी असतील तर बाकी सगळं नंतर घ्या पण हे चांगलं घ्या.
- कॅल्शियम, मॅग्नेशियम, नायट्रेट, फॉस्फेटची किट.
- ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा वजनकाटा. चमच्याचं माप नको.
- १० मिलीची सिरिंज, सुई नसलेली. दोन घ्या, एकावर 'अल्क' आणि एकावर 'कॅल' असं मार्करने लिहून टाका.
- आरओडीआय फिल्टर, म्हणजे नळाच्या पाण्यातले विरघळलेले क्षार काढणारा, टीडीएस (ते क्षार मोजणाऱ्या) मीटरवर ० दाखवणारा. इथे बऱ्याच शहरांत नळाच्या पाण्यात जंतू मारायला टाकलेलं क्लोरामाइन असतं, त्याला चालणारा कार्बन ब्लॉक घ्या.
- पार मीटर, कोरलच्या कामाचा उजेड मोजायचा. हा विकत घेऊ नका, महाग आहे आणि वर्षातून दोनदाच लागतो. बरीच फिश स्टोअर्स भाड्याने देतात, रीफ क्लबमध्ये मेंबरांना मिळतो.
- एक वही. फोनमध्ये लिहिलं तरी चालेल पण तारीख, वेळ, आकडा आणि त्या दिवशी काय बदललं हे चारही पाहिजेच.

किट घेताना एक्स्पायरी डेट बघा. मला एकदा सहा महिने उलटून गेलेलं मिळालं होतं आणि मी दोन आठवडे चुकीच्या आकड्यावर डोस देत बसलो होतो.

२. टँकमध्ये खरं पाणी किती आहे ते काढा

डब्यावर ४० गॅलन लिहिलंय म्हणजे १५१ लिटर, पण तेवढं पाणी आत नसतंच. वरून दोनेक इंच रिकामं असतं, वाळू आणि दगड जागा खातात, आणि सम्प (टँकखालची जोड टाकी) असेल तर त्यातलं पाणी उलट मिळवायला लागतं. टँक अजून भरायचा असेल तर सोपं आहे, बादल्या मोजत भरा आणि लिहून ठेवा. भरून झाला असेल तर लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये घ्या, गुणाकार करून १००० ने भागा, लिटर मिळतील, त्यातून दगड-वाळूचे १० ते १५ टक्के काढा आणि सम्पचं पाणी मिळवा. माझं सगळं धरून १५० लिटर येतं, खालची सगळी उदाहरणं त्याच आकड्यावर आहेत, तुम्ही तुमचा घाला.

अंदाज थोडा चुकला तरी घाबरू नका, पुढे टेस्ट आहेच. पण चुकायचंच तर कमी लिटर धरून चुका.

३. लाईट: टक्क्यांवर जाऊ नका, पार बघा

नवा माणूस पहिला प्रश्न हाच विचारतो, "किती टक्क्यांवर ठेवू?" याला उत्तरच नाही. एका कंपनीचा ४० टक्के म्हणजे दुसऱ्या कंपनीचा ९० टक्के असू शकतो, शिवाय लाईट पाण्यापासून ६ इंचावर आहे की १२, लेन्स कशी आहे, टँक किती खोल आहे, सगळं त्यात आलं. कोरलला कळतो तो पार, म्हणजे ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला जो उजेड झाडं आणि शैवाल वापरतात तो त्या जागी दर सेकंदाला किती पोचतो तो आकडा. ढोबळ हिशोब असा:

- मशरूम, लेदर, झोआ अशा सॉफ्टींना (दगडी सांगाडा नसलेली मऊ कोरलं) ५० ते १२०
- हॅमर, टॉर्च, डंकन, अशा एलपीएसना (मोठ्या तोंडांची दगडी कोरलं) ७५ ते १५०
- मॉन्टिपोरा, अ‍ॅक्रोपोरा अशा एसपीएसना (बारीक तोंडांची दगडी कोरलं) २०० ते ३५०

मीटर भाड्याने आणला की टँकचे मनात नऊ चौकोन पाडा, तीन आडवे तीन उभे, आणि प्रत्येक चौकोनात वाळूवर, मध्यावर आणि दगडाच्या माथ्यावर असे आकडे घ्या. पंप चालूच ठेवा, पाणी हलतं तेव्हा आकडा वरखाली होतो, सरासरी धरा. कागदावर टँकचं चित्र काढून आकडे त्यावर लिहा आणि फोटो काढून ठेवा. माझ्याकडे कोपऱ्यात वाळूवर ५५, मध्यावर ११० च्या आसपास आणि सगळ्यात वरच्या दगडावर २२० आले. म्हणजे कोरल कुठे ठेवायचं हे एका दुपारी ठरलं: मशरूम कोपऱ्यात, हॅमर मध्ये, मॉन्टी वर. त्याआधी मी सहा महिने कोरलं उचलून इकडून तिकडे ठेवत होतो आणि प्रत्येक वेळी ती बिचारी पुन्हा मिटून बसायची.

फोनचं लक्स ॲप वापरू नका. ते माणसाच्या डोळ्याला दिसणाऱ्या उजेडासाठी असतं, निळ्या लाईटखाली त्याचा आकडा फसवा येतो. रीफ लाईट मुद्दाम निळा असतो कारण समुद्रात खोलवर निळाच रंग पोचतो आणि झूझॅन्थेली त्यावर छान चालते. म्हणूनच डोळ्याला अंधुक वाटणारा निळा टँकसुद्धा पारमध्ये तगडा असतो, आणि "कमी वाटतोय जरा" म्हणून वाढवलं की कोरल भाजतं. माझा हॅमर असाच गेला.

पांढरा चॅनल कमी ठेवा. लाल आणि हिरवा तर अगदी नावापुरता, रंग दिसायला लागतो तेवढाच.

४. लाईट चढवायचा कसा आणि किती तास

दिवसाला ९ ते १० तास पुरे. माझा दुपारी १२ ला सुरू होतो, तासाभरात हळूहळू चढतो, ७ तास एका पातळीवर राहतो, मग तासाभरात उतरतो आणि ९ ला पूर्ण अंधार. ऑफिसमधून आल्यावर बघायला मिळतो म्हणून ही वेळ, तुम्ही तुमची धरा पण टायमरवरच ठेवा, हाताने लावणं-बंद करणं नको. आणि रात्रभर निळा 'मूनलाईट' लावून ठेवायची गरज नाही, अंधार लागतोच.

नवा लाईट किंवा नवं कोरल आलं की निम्म्याहून कमी जोरावर सुरुवात करायची आणि आठवड्याला ५ टक्के चढवायचं. ३० वर सुरू केलं आणि ५५ वर जायचंय तर पाच आठवडे लागणार. लागू द्या. नवीन फ्रॅग आणला की आधी वाळूवर ठेवायचा, आठवड्याभराने एक पायरी वर, असं करत त्याच्या जागेवर न्यायचा. बऱ्याच लाईटच्या ॲपमध्ये 'ॲक्लिमेट' मोड असतो, तो हेच काम आपोआप करतो.

काय बघायचं? रंग फिका पडत चालला, भर दुपारी कोरल मिटतंय आणि संध्याकाळी उघडतंय, तर उजेड जास्त आहे. मान लांब करून वर ताणतंय आणि तपकिरी होतंय तर कमी आहे, पण तपकिरीपणा नायट्रेट-फॉस्फेट जास्त झाल्यावरही येतो, म्हणून नुसत्या रंगावरून लाईट वाढवू नका. फिकेपणाचंही तसंच, नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर गेले तरी कोरल फिकं पडतं. नायट्रेट २ ते १०, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ च्या दरम्यान असू द्या, शून्य करायच्या मागे लागू नका, पूर्ण स्वच्छ पाण्यात डायनोफ्लॅजेलेट्स नावाच्या सूक्ष्म जीवांचा तपकिरी चिकट थर येतो आणि तो घालवताना जीव मेटाकुटीला येतो.

लाईट ठरलेल्या पातळीवर पोचला की त्याला दोन आठवडे हात लावायचा नाही. मग पुढचं पाऊल.

५. पाण्याचे कोणते आकडे धरायचे

समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम साधारण ४१० ते ४२० पीपीएम (दहा लाखात तेवढे भाग), मॅग्नेशियम १३०० च्या जवळ आणि अल्क ७ डीकेएच (अल्क मोजायचं एकक) असतं. घरच्या टँकला मी हे धरतो: खारटपणा ३५ पीपीटी म्हणजे १.०२६, तापमान २५ ते २६.५ सेल्सियस, अल्क ८ ते ९, कॅल्शियम ४०० ते ४५०, मॅग्नेशियम १२५० ते १३५०.

यात आकड्यापेक्षा तो हलत नाही ना हे महत्त्वाचं. अल्क ७.५ वर महिनाभर बसलेला टँक मस्त चालतो, आणि सोमवारी ७, गुरुवारी १० असा नाचणारा टँक सरासरी ८.५ असूनही मरतो. एका दिवसात १ डीकेएचपेक्षा जास्त बदल कधीच नको, मी स्वतः ०.५ च्या वर जात नाही.

पीएचच्या मागे धावू नका. तो दिवसा चढतो, रात्री उतरतो, ७.८ ते ८.३ मध्ये फिरत असेल तर ठीक आहे. आमच्याकडे थंडीत खिडक्या बंद, हीटिंग चालू, चार माणसं घरात, घरात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि टँकचा पीएच ७.८ ला येतो. खिडकी पाऊण तास उघडली की वर येतो. 'पीएच अप' ची बाटली ओतली तर पीएच दोन तास वाढतो आणि अल्क मात्र कायमचा बिघडतो.

६. आता खप मोजा

हाच या सगळ्याचा गाभा आहे, घाई करू नका. डोसिंग करत असाल तर बंद करा. या तीन-चार दिवसांत पाणी बदलू नका, लाईट बदलू नका, नवं कोरल टाकू नका, बाष्पीभवनाने गेलेलं पाणी तेवढं साध्या आरओडीआय पाण्याने भरत राहा. मीठ उडून जात नाही, पाणीच जातं, म्हणून भर गोड्या पाण्याची. आणि पातळी खाली गेलेली असताना टेस्ट केली तर सगळे आकडे उगाच चढे दिसतात.

रोज एकाच वेळेला अल्क मोजा. एकाच वेळेला का, तर दिवसा उजेडात कोरल जास्त खातं आणि रात्री कमी, सकाळचा आकडा आणि रात्रीचा आकडा एकमेकांत मिसळला की हिशोब बिघडला. माझं एक उदाहरण, संध्याकाळी ७ चे आकडे:

सोमवार ८.६
मंगळवार ८.३
बुधवार ८.१
गुरुवार ७.७

तीन दिवसांत ०.९ गेला, म्हणजे रोजचा खप ०.३. रोजचा फरक सारखा नाहीये बघा, किटची चूक असतेच, म्हणून एका दिवसावर भरवसा ठेवायचा नाही. अल्क ७ च्या खाली जायला लागला तर मोजणी तिथेच थांबवा.

कॅल्शियम का नाही मोजत? तेही सोबत जातंच, १ डीकेएच अल्क खर्च झाला की कॅल्शियम साधारण ७ पीपीएम खर्च होतं. पण बघा, ०.३ डीकेएचला ते फक्त २ पीपीएम झालं, आणि कॅल्शियमचं किट १० पीपीएम इकडे तिकडे सहज दाखवतं, म्हणजे तीन दिवसांत काहीच हललं नाही असं वाटणार. म्हणून खप अल्कवर काढायचा आणि कॅल्शियम आठवड्याला एकदा ताळा करायला तपासायचं. मॅग्नेशियम फारच हळू जातं, महिन्याला एकदा बघितलं तरी चालतं, पण ते १२०० च्या खाली गेलेलं असेल तर अल्क आणि कॅल्शियम कितीही टाका, टिकत नाहीत, पाण्यातच खडूसारखे बसून जातात. हे माझ्या एका मित्राकडे झालं, दोन महिने तो डोस वाढवत राहिला आणि हीटरवर पांढरा थर चढत राहिला, मॅग्नेशियम मोजलं तर ११२०.

खप अगदी कमी निघाला, आठवड्याला ०.५ पेक्षा कमी, नुसत्या सॉफ्टी असतील तर असाच निघतो, तर रोजच्या डोसची गरज नाही. आठवड्याला टेस्ट करून चिमूटभर भर घातली की झालं. "पाणी बदललं की सगळं भरून निघतं" असं लोक सांगतात ते तपासून बघा. १० टक्के पाणी बदललं की नव्या आणि जुन्या पाण्यातल्या फरकाचा दहावा हिस्साच भरतो. टँकमध्ये ७.५ आणि नव्या पाण्यात ८.५ असेल तर वाढ फक्त ०.१. पाणी बदलायचं ते कचरा काढायला आणि बारीकसारीक घटकांसाठी. आणि सॉल्ट मिक्स घेताना त्याचा अल्क बघा, काहींत ८ असतो, काहींत ११-१२, टँकच्या जवळचा घ्या.

७. द्रावण घरी बनवा

विकतचं टू-पार्ट, म्हणजे अल्क आणि कॅल्शियमच्या दोन वेगळ्या बाटल्या, चांगलंच असतं, पण आत काय आहे ते समजलं की घरी करणं स्वस्त पडतं आणि डोसही डोळे झाकून द्यावा लागत नाही.

अल्क: ७५ ग्रॅम खायचा सोडा, आरओडीआय पाण्यात विरघळवून एकूण १ लिटर करा.
कॅल्शियम: ६५ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट, तसंच १ लिटर.

ही दोन्ही जोडीची आहेत, म्हणजे जेवढे मिली अल्क तेवढेच मिली कॅल्शियम, वेगळा हिशोब नको.

इथे फसायला तीन जागा आहेत. पहिली, खायचा सोडा म्हणजे बेकिंग सोडा. बेकिंग पावडर नाही! त्यात स्टार्च आणि बाकीचं काय काय असतं. डब्यावर घटक वाचा, सोडियम बायकार्बोनेट एवढंच पाहिजे. दुसरी, कॅल्शियम क्लोराइड थंडीत बर्फ वितळवायला पोत्याने मिळतं, स्वस्त असतं, पण त्यात काय मिसळलंय कळत नाही, फूड ग्रेड किंवा अ‍ॅक्वेरियमसाठीचंच घ्या. तिसरी, कॅल्शियम क्लोराइड पाण्यात टाकलं की पाणी चांगलंच गरम होतं, थोडं थोडं टाका, काचेच्या बाटलीत नको आणि मुलांना लांब ठेवा.

थंडीत पीएच खाली राहत असेल तर सोडा भाजून घ्या. ७५ ग्रॅम सोडा ट्रेमध्ये पसरून ओव्हनमध्ये ३०० फॅरनहाइटला तासभर. वजन घटून ४७ ग्रॅमच्या आसपास येतं, ते सगळंच्या सगळं १ लिटरमध्ये घाला, ताकद तेवढीच राहते पण पीएच खाली न जाता वर जातो. हे द्रावण मात्र हळूहळूच द्यायचं.

८. डोस काढा

वरच्या द्रावणाचे ४० मिली १०० लिटर पाण्यात १ डीकेएच वाढवतात. म्हणून

रोजचे मिली = रोजचा खप × लिटर × ०.४

माझं ०.३ × १५० × ०.४ = १८ मिली. अल्क १८, कॅल्शियम १८. झालं, एवढाच हिशोब.

देताना दोन्ही एकत्र कधीही नाही. एकत्र आले की क्षणात दुधासारखं पांढरं होतं, ते कॅल्शियम कार्बोनेट, कोरलच्या उपयोगाचं राहत नाही. जिथे पाणी जोरात वाहतं तिथे एक द्या, अर्ध्या तासाने दुसरं, शक्यतो दुसऱ्या जागी. कोरलच्या अंगावर थेट सोडू नका. सकाळी अल्क आणि रात्री कॅल्शियम असं केलं तर विसरायला होत नाही, मी वर्षभर सिरिंजने हातानेच देत होतो आणि नवीन माणसाने तसंच करावं असं माझं मत आहे, रोज टँकसमोर दोन मिनिटं उभं राहिलं की काय बिघडतंय ते आपोआप दिसतं.

पहिला आठवडा एक दिवसाआड टेस्ट. अल्क हळूहळू चढतोय तर १० टक्के कमी करा, उतरतोय तर १० टक्के वाढवा. स्थिर झाला की आठवड्याला दोनदा पुरे. पण लाईट वाढवला, चार फ्रॅग टाकले किंवा दगडांवर जांभळं कोरलाइन शैवाल पसरायला लागलं की पुन्हा खप मोजा, माझ्याकडे लाईट ३५ वरून ५५ टक्क्यांवर गेला तेव्हा खप ०.१ वरून ०.३ झाला, कोरलं तीच होती. उलटंही तेवढंच खरं आहे: अल्क एकाएकी खर्च व्हायचाच थांबला तर कोरल नाराज आहे असं समजा, डोस निम्मा करा आणि कारण शोधा. नुसता जुना डोस देत राहिलात तर आठ-दहा दिवसांत आकडा ११ वर.

टू-पार्टमुळे टँकमध्ये थोडं थोडं मीठ साठत जातं, म्हणून खारटपणा आठवड्याला बघा.

पुढे डोसिंग पंप घेतलात तर दोन गोष्टी. एक, पंपाची नळी झिजते, महिन्याला सिरिंजने मोजून बघा की १० मिली सांगितलं तर १० च पडतंय का. दुसरं, डब्यात फक्त आठवड्याचं द्रावण ठेवा. माझं १८ × ७ = १२६ मिली होतं, पंप अडकून सगळं एकदम गेलं तरी अल्क २.१ ने वाढेल, वाईट आहे पण बहुतेक जण वाचतील. गॅलनभर भरून ठेवलं असेल तर एकही वाचणार नाही. नळीचं टोक पाण्यात बुडलेलं नको, नाहीतर सायफन होऊन डबा आपोआप रिकामा होतो.

९. चुन्याची निवळी

इथले लोक याला काल्कवासर म्हणतात, जर्मन शब्द आहे, पण ही आपली चुन्याची निवळीच. कॅल्शियम हायड्रॉक्साइड पाण्यात ढवळायचं, खाली बसू द्यायचं आणि वरचं नितळ पाणी घ्यायचं. कॅल्शियम आणि अल्क दोन्ही योग्य प्रमाणात देते, मीठ साठत नाही, पीएच वाढवते, सगळं छान. पानाचा डबीतला चुना मात्र नको, शुद्ध पावडर घ्या.

अडचण ताकदीची आहे. लिटरला साधारण १.७ ग्रॅम विरघळतं आणि पीएच १२ च्या वर जातो, हात भाजतो, चष्मा आणि हातमोजे घाला. नवे लोक ऑटो टॉप-ऑफच्या (उडालेलं पाणी आपोआप भरणाऱ्या पंपाच्या) टाकीत पूर्ण ताकदीची निवळी भरतात. माझ्या १५० लिटरमधून रोज अडीच लिटर पाणी उडतं, तेवढी निवळी गेली तर अल्क रोज जवळजवळ २ ने वाढेल आणि मला पाहिजे ०.३. म्हणजे माझ्या टँकला दिवसाला ०.६ ग्रॅम पावडर पुरते, अडीच लिटरमध्ये तेवढीच मिसळायची. खप ०.५ च्या वर जाईपर्यंत मी तरी टू-पार्टवरच राहायला सांगेन.

१०. आकडे आधीच घसरलेत तर

आधी दुसऱ्या किटने तपासा. दुकानात नेऊन तपासून घ्या. मगच भर घाला, तीही थोडी थोडी.

- अल्क १ ने वाढवायला १०० लिटरला ३ ग्रॅम खायचा सोडा. १५० लिटरमध्ये ६.५ वरून ८.५ ला जायचं तर ९ ग्रॅम, चार दिवसांत वाटून, रोज सव्वादोन.
- कॅल्शियम १० पीपीएमने वाढवायला १०० लिटरला ३.७ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट.
- मॅग्नेशियम १० पीपीएमने वाढवायला १०० लिटरला ८.४ ग्रॅम मॅग्नेशियम क्लोराइड हेक्साहायड्रेट.

तिन्ही घसरले असतील तर मॅग्नेशियम आधी, मग बाकीचे. अल्क जास्त झाला असेल तर काहीही टाकू नका, डोस बंद करा आणि कोरलांना तो खाऊ द्या.

११. कोणत्या बाटल्या नकोत

आयोडीन, स्ट्रॉन्शियम, आयर्न, 'कलर बूस्टर', 'कोरल व्हिटॅमिन'. जे मोजता येत नाही ते टाकायचं नाही, मी हा नियम पाळायला लागल्यापासून टँक शांत आहे. अगदीच शंका आली तर वर्षातून एकदा पाण्याचा नमुना लॅबमध्ये आयसीपी टेस्टला (पाण्यातले सगळे घटक मोजणारी) पाठवा, त्यात तांबंही कळतं, आणि तांबं थोडंसुद्धा असलं तरी कोळंबी आणि कोरल जातात. माशांच्या औषधात तांबं असतं, ते या टँकमध्ये कधीच ओतू नका.

झोआ आणि पॅलिथोआ कापताना हातमोजे आणि चष्मा घाला. काहींमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं फार जहाल विष असतं. त्यांचा दगड उकळायचा नाही, गरम पाण्याने घासायचा नाही, वाफेतून ते घरातल्या सगळ्यांच्या छातीत जातं.

१२. तीन आठवडे भारतात जाताना

आपण गेलो की तीन आठवडे जातोच, आणि इथल्या बहुतेक मराठी घरातले टँक त्याच काळात मरतात असं मी बघितलंय. निघायच्या आधीच्या महिन्यात काहीही नवीन करू नका, नवं कोरल नको, लाईटमध्ये बदल नको. खप शेवटचा मोजून घ्या.

शेजाऱ्यांना सिरिंजने डोस द्यायला लावू नका. मी तीन आठवड्यांच्या सहा छोट्या बाटल्या भरतो, १२६ मिलीच्या, त्यांवर 'अल्क १', 'कॅल १' असं तारखेसकट लिहितो, तीन लाल झाकणाच्या, तीन निळ्या, आणि पंपाच्या डब्यांनाही तेच रंग. दर रविवारी येऊन लाल लाल डब्यात आणि निळी निळ्या डब्यात, एवढंच काम. माशांचं खाणं औषधाच्या गोळ्यांच्या डबीत रोजचं वेगळं, बाकीचा डबा कपाटात लपवून, कारण शेजारचे काका प्रेमाने जास्त घालतात. टॉप-ऑफच्या पाण्याचे भरलेले कॅन टँकच्या बाजूला ठेवतो, मिठाचं पाणी घरात कुठेच ठेवत नाही म्हणजे गल्लत व्हायला नको. निघायच्या आधी एकदा काकांना समोर उभं करून सगळं त्यांच्या हातानेच करून घेतो, आणि वीज गेली तर बॅटरीवरचा एअर पंप कुठे आहे तो दाखवतो. रविवारी ते टँकचा फोटो पाठवतात, तो लाईट चालू असताना म्हणजे १ ते ८ मध्ये काढायला सांगा, अंधारात सगळीच कोरलं मिटलेली दिसतात आणि आपण पुण्यात बसून रात्रभर काळजी करतो.

परत आल्यावर बॅगा उघडायच्या आधी खारटपणा आणि अल्क. अल्क ०.५ च्या आत हलला असेल तर पंप तसाच चालू ठेवा, जास्त हलला असेल तर पंप बंद करून पुन्हा सहाव्या पायरीपासून सुरू करा.